ओलं पीट मॉस वाळवायचं कसं? (हायपरटुफाच्या कुंडीसाठी)

गुलबक्षी
बागकामातल्या जाणकारांनो, जरा मदत हवी आहे.

मी टोरांटोजवळ राहते. इकडे मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपर्यंत नाजूक रोपं कोणी बाहेर काढत नाही, त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीला हात नुसते शिवशिवत असतात. यंदा त्या वेळात हायपरटुफाचा एक लांबट हौद करायचं ठरवलंय. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद. त्यात सेम्परव्हायव्हम आणि बुटके सेडम अशी मांसल पानांची छोटी झाडं लावायची.

कृती बहुतेक सगळीकडे सारखीच दिसते: २ भाग पोर्टलंड सिमेंट, ३ भाग पीट मॉस (दलदलीत साठलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ), ३ भाग परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे), पाणी बेताने. घोडं पेंड खातंय ते पीटपाशी. ३.८ घनफुटांचा दाबून बांधलेला गठ्ठा आणला. दुकानात हे गठ्ठे उघड्यावरच रचलेले असतात. घरी आणून बघितलं तर एका कोपऱ्याला प्लॅस्टिक फाटलेलं आणि आत बर्फाचं पाणी मुरलेलं. निम्मा गठ्ठा ओलागच्च. कृतीत तर "कोरडं, चाळलेलं पीट" असं बजावून सांगितलंय. हे चाळणीतून खाली उतरतच नाही, नुसते गोळे होतात.

ओव्हनमध्ये वाळवावं का? गॅरेजमध्ये पंखा लावून? की आहे तसंच घालून पाणी कमी करावं?

वाचनमात्र
आधी हायपरटुफा म्हणजे काय ते कोणीतरी सांगा. मला वाटलं मिठाई आहे.

गुलबक्षी
:) टुफा हा चुनखडीचा सच्छिद्र, हलका दगड. इंग्लंडमध्ये डोंगरी फुलझाडं लावायला जुनी दगडी डोणी वापरायची टूम निघाली, गुरांना पाणी पाजायची असतात ना, तसली. क्लॅरेन्स एलियट नावाच्या रोपवाटिकावाल्याने १९२०-३०च्या सुमारास ती लोकप्रिय केली. मग डोणी मिळेनाशी झाली, महाग झाली, म्हणून लोकांनी सिमेंटमध्ये पीट आणि वाळू कालवून नकली दगड केला, तोच हायपरटुफा. वाळूच्या जागी परलाइट आलं ते वजन कमी करायला. साध्या काँक्रीटपेक्षा बराच हलका होतो, आणि एकदोन वर्षांत त्यावर शेवाळ धरलं की शंभर वर्षांचा वाटतो.

निशिगंध
ओव्हनचं मनातून काढून टाका, गुलबक्षी. मायक्रोवेव्हचं तर त्याहून.

मी आयर्लंडमध्ये असते. इथे पीट हे पिढ्यान् पिढ्या घरचं सरपण होतं. त्याला टर्फ म्हणतात. वाळलेलं पीट भडकून पेटत नाही, आतल्या आत धुमसत राहतं, आणि वरून कळत नाही. घरात करायचा हा प्रयोगच नव्हे. शिवाय वासाने स्वयंपाकघर आठवडाभर नकोसं होईल ते वेगळंच.

वाळवणाबद्दल मात्र इथल्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे. दलदलीतून कापलेल्या पिटात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि इथलं ऊन म्हणजे काय विचारता! तरी ते वाळायचं, कारण वाळवतो तो वारा. विटांएवढे तुकडे कापून आधी जमिनीवर पसरायचे, वरचा भाग सुकला की चारपाच तुकडे एकमेकांना टेकवून उभे करायचे, म्हणजे सगळ्या बाजूंनी वारा खेळतो. अख्खं घर कामाला लागायचं. बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने २०२१ मध्ये पीट काढणं अधिकृतपणे बंद केलं. खेडोपाडी स्वतःपुरतं कापणारे अजून आहेत.

तुमचं पीट भुसभुशीत आहे, विटा नाहीत. पण तत्त्व तेच, ऊब दुय्यम आणि वारा मुख्य.

गुलबक्षी
हे वाचून गठ्ठ्याकडे बघायची नजरच बदलली. म्हणजे गॅरेज बंद करून हीटर लावण्यापेक्षा दार उघडं ठेवून पंखा बरा?

निशिगंध
अगदी. बंद खोलीत हीटर लावलात तर पाणी हवेत जाईल आणि तिथेच राहील. उघड्यावर ताडपत्री पसरून जेमतेम दोन इंच जाडीचा थर द्या, गोळे हाताने फोडा, दिवसातून दोनतीनदा वरखाली करा. तुमच्याच कॅनडात, क्वेबेक आणि न्यू ब्रन्सविकला पीट काढतात तेही असंच. मोठ्या सपाट दलदलीचा फक्त वरचा पातळ थर कुळवाने मोकळा करतात, उन्हावाऱ्यात सुकला की मोठ्या व्हॅक्युम मशीनने तेवढाच ओढून घेतात, मग पुढचा थर. एका दमात सगळं वाळवायला कोणीच जात नाही. हौदापुरतं बाजूला काढा, बाकीचा गठ्ठा राहू दे तसाच.

थापी
उशिरा येतोय, पण विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

गुलबक्षीताई, तुमच्या तीन पर्यायांत तिसरा बरोबर आहे, थोडी दुरुस्ती करून. पीट खडखडीत वाळवायची गरजच नाही. उलट खडखडीत वाळलेलं पीट पाण्याला जवळ येऊ देत नाही, वर तरंगतं. कसंबसं भिजलं की मग इतकं पाणी पितं की सिमेंटच्या वाट्याचंही ओढून घेतं. कृतीत "कोरडं" म्हटलंय ते गठ्ठ्यातून काढल्यावर असतं तसं, हाताला किंचित दमट.

साइटवर हाच प्रश्न वाळूचा असतो. पावसाळ्यात वाळू ओली येते, म्हणून कोणी ती तव्यावर भाजत बसत नाही. वाळूत किती पाणी आहे ते मोजतो आणि तेवढं वरच्या पाण्यातून वजा करतो. तुम्हीही तेच करा.

एक लिटरचं माप घ्या. गोळे फोडलेलं ओलं पीट न दाबता त्यात भरा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. तेवढंच पीट वर्तमानपत्रावर पातळ पसरून पूर्ण वाळू द्या, पुन्हा वजन करा. समजा आधी ४५० ग्रॅम होतं आणि नंतर १५० राहिलं, तर लिटरमागे ३०० मिली पाणी. हौदासाठी ९ लिटर पीट घेणार असाल तर २.७ लिटर पाणी तुम्ही न घालताच आत आलंय.

आता सिमेंट बघा. २:३:३ ने ९ लिटर पीटला ६ लिटर सिमेंट. सिमेंटची ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर भरते, म्हणजे ६ लिटर झालं साडेआठ किलोच्या वर. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी वजनाच्या २३ टक्के पाणी लागतं, घट्ट होताना तयार होणाऱ्या जेलच्या बारीक छिद्रांत अडकणारं धरलं तर ३८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सव्वातीन लिटर. आणि २.७ तर आधीच आत! वर कृतीतलं पाणी डोळे झाकून ओतलंत तर खीर होणार, साच्याच्या भिंती खाली बसणार, आणि राहिली तरी वाळल्यावर बोटाने खरवडता येईल इतकी कच्ची.

मात्र पिटातलं सगळं पाणी सिमेंटला मिळत नाही, बरंच पीट स्वतःकडे धरून ठेवतं. त्यामुळे माझा हिशोब अंदाजासाठी. शेवटचा निर्णय हाताचा. मिश्रण मुठीत दाबायचं, लाडवासारखं वळलं पाहिजे आणि बोटांतून फार तर एकदोन थेंब यायला हवेत. धार लागली तर पाणी जास्त, मूठ उघडताच फुटलं तर कमी.

अजून एक, आणि हे कृतींत सहसा नसतं. माप घनफळाचं आहे. ओली वाळू मोकळी भरली तर फुगते, चारपाच टक्के ओलाव्याला वीस-तीस टक्के जास्त जागा खाते. पीट उलटं वागतं, ओलं असताना गच्च बसतं आणि वाळून मोकळं झालं की फुलतं. तेव्हा ओलं पीट ठोकून मापात भराल तर प्रत्यक्षात दीडपट जाईल आणि हौद ठिसूळ होईल. हलक्या हाताने भरा.

वाचनमात्र
मिठाई नाही म्हणता म्हणता लाडू आलाच.

परसदार
थापी, हिशोब पटला, पण तुम्ही कधी हे स्वतःच्या हाताने कालवलंय का? गच्च ओल्या पिटात सिमेंट टाकलं की गोळ्यांवर सिमेंटचं कवच चढतं, आतल्या पिटापर्यंत सिमेंट पोचतच नाही. मग कुंडीला जागोजागी मऊ खड्डे पडतात. पाण्याचा हिशोब कितीही चोख असो, चाळणीतून उतरेल इतपत सुकवावंच लागतं.

मी चिपळूणची. आमच्याकडे पीट मॉस कोण आणतो! मी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरते. पाच किलोचा ठोकळा भिजवला की सत्तर लिटरच्या वर होतं, आणि तो भिजवल्याशिवाय फुटतच नाही. म्हणजे ओलं सुकवण्याची कटकट आम्हाला दर खेपेची. त्यात आषाढ. कपडे वाळत नाहीत तिथे कोकोपीट काय वाळणार!

माझी रीत सांगते. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात भरायचं, पुरचुंडी बांधायची, दोघांनी दोन टोकं धरून पिळायचं. निम्म्याहून जास्त पाणी तिथेच जातं. मग पडवीत बाजेवर गोणपाट घालून त्यावर पसरायचं. बाजेला खालूनही वारा लागतो, जमिनीवर पसरलं तर खालचा थर तसाच राहतो. चाळायला बारीक चाळणी नको, वाळूची असते ती घ्या, अर्ध्या इंचाची.

कालवताना आधी सिमेंट आणि परलाइट कोरडंच नीट मिसळायचं, मग चाळलेलं कोकोपीट, पाणी सगळ्यात शेवटी, तांब्याने नाही, हाताने शिंपडत.

थापी
ताई, कवचाचा मुद्दा मान्य. काँक्रीटमध्ये मातीचे गोळे राहिले की असंच होतं. तर मग "चाळणीतून उतरेल इतकं सुकवा, उरलेल्या ओलाव्याची वजावट करा" असं म्हणू.

कोकोपीटबद्दल एक विचारतो. सिमेंट सेट व्हायला वेळ लागतो का? नारळाच्या काथ्यातले टॅनिनसारखे पदार्थ आणि शर्करा सिमेंटची क्रिया मंदावतात असं आमच्याकडे शिकवलेलं.

परसदार
लागतो तर. न धुता वापरलं तर दुसऱ्या दिवशीही बोट रुततं. म्हणून भिजवून ते चहासारखं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भिजवायचं, पाणी बऱ्यापैकी नितळ येईपर्यंत. स्वस्त ठोकळ्यांत मीठही असतं, तेही निघून जातं. तरीही साचा घाईने काढत नाही मी. आणि आमच्याकडे मिळतं ते सिमेंट बहुतेक पीपीसी, राखमिश्रित, ते आधीच सावकाश.

थापी
बरोबर. काँक्रीटच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्येही ओपीसीला (साध्या पोर्टलंड सिमेंटला) किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला १० दिवस पाणी मारायला सांगितलंय. कुंडीला त्याहून जास्त द्या, पाणी फुकट आहे. लोक सिमेंट "वाळलं" म्हणतात तिथेच गडबड होते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. पीट वाळवायचं, कुंडी नाही.

गुलबक्षीताई, तुमच्याकडे रात्री पारा ५ अंशांच्या खाली जात असेल तर ही क्रिया जवळजवळ थांबते. साचा गॅरेजमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. आणि दुकानातून नुसतं पोर्टलंड सिमेंट आणा, खडी घातलेलं तयार काँक्रीट मिश्रण नको. थंडीत गोठून-वितळून चिरा पडतात, त्यासाठी काँक्रीटमध्ये घालतात ते पॉलिप्रॉपिलिनचे बारीक धागे मूठभर पिंजून टाका.

भटका_गडी
एवढा खटाटोप कशाला? पावसाळ्यात आपल्या गडांच्या तटबंदीवर शेवाळाच्या गाद्या असतात. पोतंभर खरवडून आणायच्या, वाळवायच्या. फुकट मॉस!

परसदार
गड्या, एक तर ते खरवडू नकोस. तटाच्या सांध्यातली माती त्याच्यासोबत निघते आणि पुढच्या पावसात दगड हलतो. संरक्षित वास्तू असेल तर गुन्हाही आहे.

दुसरं म्हणजे ते पीट नव्हे. पीट मॉस हे स्फॅग्नम शेवाळ दलदलीत पाण्याखाली, हवा न मिळता, अर्धवट कुजत साठलेलं असतं. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर थर चढतो. तुझ्या तटावरचं हिरवं शेवाळ सिमेंटमध्ये घातलंस तर कुजून आत पोकळ्या होतील एवढंच.

निशिगंध
आणि तेवढ्यामुळेच मला पीट वापरायला जीवावर येतं. जगातल्या जमिनीच्या तीन टक्के भागावर पीटभूमी आहे, पण मातीतल्या एकूण कार्बनपैकी साधारण एक तृतीयांश तिच्यात आहे. आपल्याकडेही निलगिरीच्या माथ्यांवरच्या दलदलींत पीट आहे, त्याच्या थरांवरून हजारो वर्षांपूर्वीच्या पावसापाण्याचा अभ्यास झालाय. असली वस्तू कुंडीच्या भिंतीत घालायची म्हणजे... असो. गुलबक्षी, तुम्ही आणलंच आहे तर वाया घालवू नका. पुढच्या वेळी कोकोपीट.

गुलबक्षी
पटलं. इकडे कोकोपीट मिळतं, भारत आणि श्रीलंकेतून आलेलं, पिटापेक्षा महाग. पण कुंडीला लागतं किती! पुढची कुंडी परसदार ताईंच्या कृतीने.

कडुनिंब
डॉक्टर म्हणून दोन गोष्टी, कोणी बोललं नाही म्हणून.

ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणजे ते जहाल अल्कधर्मी असतं. त्या क्षणी काही वाटत नाही, तासाभराने कातडी सोलवटते. लाडू वळायचा तो रबरी हातमोजे घालूनच.

स्फॅग्नम मॉस हाताळताना स्पोरोट्रिकोसिस नावाचा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. गुलाबाच्या काट्यांमुळेही होतो. बारीक ओरखड्यातून शिरतो, आधी एक गाठ, मग हातावर वरवर चढत जाणारी गाठींची ओळ. वारंवार होणारी गोष्ट नाही, पण हाताला कापलेलं असेल तर गठ्ठ्यात उघडा हात घालू नका. आणि चाळताना मास्क. पीट आणि परलाइट दोन्हींची धूळ छातीला वाईट. हाही पीट फार न वाळवण्याच्या बाजूचा मुद्दा समजा.

गुलबक्षी
अपडेट देते, कारण विचारून गायब होणाऱ्यांचा मलाही राग येतो.

पुरचुंडी पिळली. साडी इथे वापरात फारशी नसते, पण कापायला धीर होईना, उशीचा अभ्रा कामी आला. त्यातून चहाच्या रंगाचं बरंच पाणी निघालं. बाज नाही, म्हणून जुन्या खिडकीची डासांची जाळी दोन खुर्च्यांवर आडवी टाकली आणि त्यावर पसरलं. वारा भन्नाट होता, कडेने थोडं उडालं, मग वर पातळ चादर टाकावी लागली. मधला भाग दमट असतानाच चाळायला घेतलं आणि सरसर उतरलं.

थापी, तुमच्या पद्धतीने वजन केलं. नवरा म्हणाला, घरात केकसुद्धा इतका मोजून होत नाही. पाणी खरोखरच फार थोडं लागलं, कृतीतल्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. मुठीची परीक्षा पास. प्लॅस्टिकच्या दोन खोक्यांचा एकात एक साचा केला, भिंत दोन इंचांची, तळाला पाणी निघायला बुचं रोवली.

साचा काढला तेव्हा नखाने ओरखडा उमटत होता, तेवढ्यात तारेच्या ब्रशने कडा घासून दगडासारख्या केल्या. आता पुन्हा प्लॅस्टिकमध्ये आहे, रोज पाणी शिंपडते. पण बाहेरून पांढरी भुकटी आल्यासारखी दिसतेय. पीट ओलं होतं म्हणून का?

थापी
नाही, पिटाचा दोष नाही. सिमेंटमधला मोकळा चुना पाण्यासोबत पृष्ठभागावर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं चुनखडीत रूपांतर होतं. नव्या भिंतींवरही येतो. ब्रशने घासा, पावसात जातो.

रोपं मात्र लगेच नको. महिनाभर मुरू द्या, मग मोठ्या टबात बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा, म्हणजे चुना उतरेल.

परसदार
पीट आम्लधर्मी असतं म्हणून चुना मारला जातो असं कोणी सांगेल, त्यावर जाऊ नका, सिमेंटपुढे ते काहीच नाही. सेम्परव्हायव्हम चुना सोसतं, त्याची काळजी नाही. नेचे किंवा अझेलिया लावायचा विचार आला तर थांबा.

गुलबक्षी
आणि गठ्ठ्यातलं उरलेलं ओलं पीट? अजून निम्म्याहून जास्त आहे. तेही वाळवून ठेवू का?

परसदार
कशाला? कुंडीसाठी वाळवायचं होतं, मातीत घालायला ओलंच बरं, कोरडं घातलं तर पाणी वरच्यावर वाहून जातं. तुमच्याकडे ब्लूबेरी होते ना? तिला आम्ल जमीनच लागते. आळं करून त्यात मिसळून टाका. राहिलंच तर फाटलेला कोपरा टेपने बंद करून गठ्ठा फळीवर चढवा, जमिनीला टेकू देऊ नका.